‘संशोधनाने सिद्ध झालंय’ : मेकअपच्या एका दाव्याचा उलटा प्रवास



मागच्या दोन पोस्ट्स सिनॉप्सिसवर होत्या. पेटची तयारी करणाऱ्या बऱ्याच जणांनी विचारलं की पेपर ‘क्रिटिकली’ वाचायचा म्हणजे नक्की काय करायचं. गाईड सांगतात, कोर्सवर्कमध्ये सांगतात, पण करून कोणी दाखवत नाही. म्हणून आज एक दावा घेऊन मी तो मुळापर्यंत नेऊन दाखवणार आहे. विषय जरा अनपेक्षित आहे, मेकअप. आणि सुरुवात लायब्ररीत नाही, माझ्या मामाच्या गावी, भोर तालुक्यातल्या आंबवड्यात झाली.

काय घडलं

माझी मामेबहीण भोरला कॉलेजला आहे, बी.कॉम.चं शेवटचं वर्ष. तिच्याकडे मुलाखतीच्या तयारीचं एक सत्र झालं. बाहेरून आलेल्या प्रशिक्षकांनी एक स्लाईड दाखवली. मेकअप केलेल्या स्त्रिया अधिक सक्षम वाटतात, हे संशोधनाने सिद्ध झालं आहे, असं त्यावर होतं. खाली ना लेखकाचं नाव, ना वर्ष. पण ‘संशोधनाने सिद्ध’ हे दोन शब्द पुरेसे असतात. पोरीने आजवर पावडर आणि काजळ यापलीकडे काही लावलेलं नव्हतं. तिने साठवलेल्या पैशांतून फाउंडेशन, कन्सीलर, प्रायमर, कॉम्पॅक्ट, आयलायनर, लिपस्टिक असं सगळं एकदम आणलं. व्हिडिओ बघून बघून चार दिवस सराव केला.

मी सुट्टीला गेले तेव्हा ती मला झुलत्या पुलावर घेऊन गेली. आंबवड्याला आलेल्यांना हा संस्थानकाळातला पूल माहीत असेल, पंतसचिवांच्या वेळचा, पलीकडे नागेश्वराचं देऊळ. घरात ट्यूबलाईटखाली तिचा चेहरा बरा दिसत होता. पुलावर उन्हात आलो आणि दिसलं की चेहरा राखाडी आणि मान गव्हाळ. जबड्याखाली चक्क रेघ उमटली होती. तिने मोबाईलच्या कॅमेऱ्यात बघितलं आणि म्हणाली, “ताई, सगळ्यांना जमतं. माझा चेहराच चुकीचा आहे का गं?”

हा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. एका स्लाईडवरच्या वाक्यापासून ‘माझा चेहराच चुकीचा’ इथपर्यंत ती चार दिवसांत पोचली होती. आपण संशोधनात येऊ बघणारी माणसं आहोत. ‘संशोधनाने सिद्ध’ हे शब्द आपल्या नावाने वापरले जातात. तेव्हा ते वाक्य कुठून आलं ते बघणं माझं काम होतं.

पायरी पहिली : मूळ पेपर शोधा

स्लाईडवरून मी बातम्यांपर्यंत गेले आणि बातम्यांवरून मूळ पेपरपर्यंत. हा क्रम लक्षात ठेवा. बातमीत पेपरचं सार असतं, पण अटी गळून पडलेल्या असतात. स्लाईडवर सारही उरत नाही, फक्त निकाल उरतो.

हा निकाल बहुतेक वेळा ज्या पेपरच्या नावावर खपवला जातो तो २०११ साली ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात आला. हे नियतकालिक सगळ्यांना मोफत वाचता येतं, म्हणजे भोरहून किंवा वेल्ह्याहूनही. पहिल्या लेखिका नॅन्सी एटकॉफ, हार्वर्डशी संबंधित मानसशास्त्रज्ञ. अभ्यासाची रचना थोडक्यात अशी आहे. वीस ते पन्नास वयाच्या २५ स्त्रिया घेतल्या. प्रत्येकीचा चेहरा चार प्रकारे टिपला : मेकअपशिवाय, आणि मग हलका, मध्यम आणि भडक अशा तीन पातळ्यांच्या मेकअपमध्ये. त्या पातळ्यांना लेखकांनी ‘नैसर्गिक’, ‘व्यावसायिक’ आणि ‘ग्लॅमरस’ अशी नावं दिली. मग परीक्षकांनी त्या फोटोंना आकर्षकपणा, सक्षमता, आवडण्याजोगेपणा आणि विश्वासार्हता या चार गोष्टींवर गुण दिले. १४९ जणांच्या एका गटाला प्रत्येक फोटो फक्त २५० मिलिसेकंद, म्हणजे पाव सेकंद दिसला. ११९ जणांच्या दुसऱ्या गटाला हवा तेवढा वेळ होता.

निकाल असा. पाव सेकंदात बघणाऱ्यांनी मेकअपच्या चेहऱ्यांना चारही बाबतीत जास्त गुण दिले. निवांत बघणाऱ्यांकडूनही आकर्षकपणा आणि सक्षमता यांचे गुण वाढले. पण आवडणं आणि विश्वास यांचं गणित मेकअप कोणत्या प्रकारचा आहे त्यावर बदललं, आणि ग्लॅमरस मेकअपच्या चेहऱ्यांवर विश्वास कमी झाला.

आधी चांगलं काय ते

टीका म्हणजे चुका काढणं, हा आपल्याकडचा मोठा गैरसमज. व्हायव्हात बसलेले परीक्षकसुद्धा कधी कधी तसंच वागतात, म्हणून आपणही तेच शिकतो. आधी पेपरची बाजू नीट मांडायची, मग बोलायचं.

या अभ्यासात तीन गोष्टी मला खरंच आवडल्या. एक, मेकअप ‘आहे’ की ‘नाही’ असे दोनच कप्पे न करता तीन पातळ्या घेतल्या. त्यामुळेच ‘जास्त म्हणजे चांगलं’ हे सरळ खरं नाही, हे दिसू शकलं. दोन, वेळ हा घटक वेगळा काढला. नजर पडताक्षणीचं मत आणि विचार करून बनलेलं मत एकच नसतं. तीन, फोटो काढताना त्या स्त्रियांना आरसा बघू दिला नाही. का? तर आपण छान दिसतोय हे कळल्यावर चेहऱ्यावर जो आत्मविश्वास येतो, त्याचा परिणाम मेकअपच्या खात्यात जमा होऊ नये म्हणून. हा एवढा बारीक विचार प्रयोगाच्या रचनेत करणं, हे शिकण्यासारखं आहे. तुमच्या सिनॉप्सिसमध्ये ‘बाह्य चलांवर नियंत्रण’ असं नुसतं लिहू नका. काय केलं म्हणजे ते नियंत्रण होतं, ते असं सांगता आलं पाहिजे.

आता स्लाईडवर काय राहून गेलं

पहिली गोष्ट. ‘सक्षम वाटणं’ आणि ‘निवड होणं’ यात मोठं अंतर आहे. पेपरमध्ये कोणाचीही मुलाखत नाही, कोणालाही नोकरी मिळालेली नाही. न बोलणारे फोटो आहेत. मुलाखतीत माणूस वीस मिनिटं समोर बसून बोलतो, अडखळतो, हसतो, जर्नल एन्ट्री चुकवतो. पाव सेकंदाचा परिणाम वीस मिनिटं टिकतो का, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याला वेगळा अभ्यास लागेल. आपण काय मोजलं आणि कशाबद्दल बोलतोय, या दोन्हींतलं अंतर तपासणं म्हणजेच वैधता. नेटच्या पुस्तकात तिची व्याख्या पाठ करतो, इथे ती कामाला येते.

दुसरी गोष्ट नमुन्याची. इथे नमुने दोन आहेत, हे बरेच विद्यार्थी विसरतात : गुण देणाऱ्यांचा आणि चेहऱ्यांचा. गुण देणारे शेकड्यांनी आहेत, पण चेहरे २५. गुण देणारे कितीही वाढवले तरी चेहरे तेवढेच राहतात. शिवाय ते चेहरे गौरवर्णीय, आफ्रिकन-अमेरिकन आणि हिस्पॅनिक या तीन गटांतले. आपल्याकडचा गट त्यात नाही. निकाल आपल्याला लागू पडणारच नाहीत असा याचा अर्थ नाही. लागू पडतात हे अजून दाखवलेलं नाही, एवढाच अर्थ.

तिसरी गोष्ट माझ्या बहिणीसाठी सगळ्यात महत्त्वाची. प्रयोगातला मेकअप त्या स्त्रियांनी स्वतः केलेला नव्हता. तो व्यावसायिक मेकअप आर्टिस्टने केला होता. म्हणजे ज्याची चाचणी झाली तो होता ‘तरबेज हाताने, योग्य शेड निवडून केलेला मेकअप’. स्लाईडवर त्याचं ‘मेकअप’ झालं, आणि आंबवड्यात पोचेपर्यंत ‘चार दिवसांपूर्वी पहिल्यांदा हातात घेतलेलं फाउंडेशन’. शब्द तोच राहिला, वस्तू बदलली.

ही माझी नुसती शंका नाही. अॅलेक्स जोन्स आणि रॉबिन क्रेमर यांनी २०१५ मध्ये असा अभ्यास केला ज्यात स्त्रियांनी मेकअप स्वतःच केला होता. त्यात दिसलं की आकर्षकपणाच्या गुणांमधला फरक बहुतांशी चेहरा कोणाचा आहे यानेच पडतो, मेकअपचा वाटा अगदी थोडा. मग २०१६ मध्ये त्यांनीच व्यावसायिक हातांनी केलेल्या मेकअपचे फोटो घेतले, तेव्हा मेकअपचा वाटा वाढला, तरी मोठा भाग चेहऱ्याचाच राहिला. आपल्याच आधीच्या निकालावर शंका घेऊन पुन्हा तपासायला बसणं, याला म्हणतात संशोधन. आणि बघा, ‘मेकअप कोणी केला’ हे स्वतःच एक चल आहे, हे या जोडीतून उघड होतं. नवशिक्याच्या मेकअपबद्दल बोलायचं असेल तर पहिला अभ्यास जास्त जवळचा, पण स्लाईडवर तो येणार नाही. ‘फार फरक पडत नाही’ या वाक्याची स्लाईड कोण करणार?

चौथी गोष्ट, ग्लॅमरस मेकअप आणि विश्वास. मुलाखत हिशेबनीसाच्या जागेसाठी आहे. तिथे विश्वासाचे गुण कमी होणं परवडणार नाही. म्हणजे पेपरमधला जो भाग आपल्या मुलींच्या खरोखर कामाचा होता, नेमका तोच गळला.

पाचवी गोष्ट पैशाची. या अभ्यासाला प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीने पैसा दिला होता, आणि लेखकांपैकी काही जण कंपनीचेच होते. त्या वेळी कव्हरगर्ल हा मेकअपचा ब्रँड याच कंपनीकडे होता. हे पेपरमध्ये लपवलेलं नाही, जाहीर केलेलं आहे. आता इथे दोन टोकाच्या चुका होतात. एक चूक म्हणजे हे वाचायचंच नाही. दुसरी म्हणजे ‘कंपनीचा पैसा, म्हणजे खोटं’ म्हणून पेपर फेकून द्यायचा. पैसा आकडे बदलतोच असं नाही, पण प्रश्न कोणता विचारायचा हे तो बऱ्याचदा ठरवतो. ‘मेकअपने सक्षमतेचे गुण वाढतात का’ हा प्रश्न विचारला गेला. ‘मेकअप न करणाऱ्या स्त्रीला कमी गुण देणाऱ्याचं काय करायचं’ हा प्रश्नही त्याच आकड्यांतून विचारता आला असता.

मग मेकअप चालतो तो कशामुळे?

परिणाम दिसला की पुढचा प्रश्न यंत्रणेचा. इथे रिचर्ड रसेल यांचा २००९ चा पेपर कामाचा आहे. चेहऱ्यावर डोळे आणि ओठ आजूबाजूच्या त्वचेपेक्षा किती उठून दिसतात, हा फरक त्यांनी मोजला. हा फरक सरासरीने स्त्रियांच्या चेहऱ्यात पुरुषांपेक्षा जास्त असतो, आणि मेकअप नेमका तोच वाढवतो, असं त्यांना आढळलं. त्यांनी गौरवर्णीय आणि पूर्व आशियाई चेहरे घेतले होते.

आता एक कच्चा तर्क करून बघा. परिणामाचं मोठं कारण डोळे-ओठ आणि त्वचा यांतला फरक असेल, तर नवशिकीने कुठून सुरुवात करावी? काजळ आणि ओठांचा रंग. फाउंडेशन यादीत शेवटी. बाजारात मात्र क्रम उलटा आहे. व्हिडिओ फाउंडेशनपासून, किंबहुना त्याच्याही आधी प्रायमरपासून सुरू होतात. मी याला तर्कच म्हणते आहे, निष्कर्ष नाही. आपल्याकडच्या चेहऱ्यांवर कोणीतरी तो तपासायला हवा. विषय शोधताय ना? घ्या.

राखाडी रंगाचं कारण : फूटपट्टी चुकीची

आता त्या जबड्याखालच्या रेघेकडे येऊ. फाउंडेशनचं शेड कार्ड हे मोजमापाचं साधन आहे. साधनावर तुमच्या मापाची खूणच नसेल तर तुम्ही कुठल्यातरी शेजारच्या खुणेवर ढकलले जाता. गावाजवळच्या दुकानात दोन-तीन शेड असतात आणि त्याही गोऱ्याकडे झुकलेल्या. उजळ शेडमध्ये टायटॅनियम डायऑक्साईड हा पांढरा रंगद्रव्याचा भाग जास्त असतो. सावळ्या, गव्हाळ त्वचेवर तो बसला की राखेसारखी झाक येते. चेहरा चुकीचा नव्हता, पट्टी तोकडी होती.

या तोकड्या पट्टीला इतिहास आहे. त्वचेच्या प्रकारांची जी फिट्झपॅट्रिक श्रेणी आजही वापरतात, ती १९७५ साली थॉमस फिट्झपॅट्रिक या त्वचारोगतज्ज्ञांनी मांडली. हेतू होता त्वचारोगावरच्या प्रकाशोपचारात किरणांचा डोस ठरवणं. ती मूळात रंग विचारत नाही, उन्हात त्वचा भाजते की काळवंडते हे विचारते. सुरुवातीचे प्रकार गोऱ्या त्वचेपुरतेच होते. आपल्यासारख्या तपकिरी आणि त्याहून गडद त्वचेचे दोन प्रकार नंतर जोडले गेले. म्हणजे आधी एका कामासाठी बनलेली पट्टी दुसऱ्या कामाला लावली, आणि जगातली बहुतेक माणसं शेवटच्या दोन-तीन खुणांवर दाटीवाटीने बसवली. २०२२ मध्ये समाजशास्त्रज्ञ एलिस मंक यांची दहा छटांची श्रेणी गूगलने स्वीकारली, ती याच उणिवेवरचा एक उपाय. बाजारातही २०१७ मध्ये फेंटी ब्यूटी ४० शेड घेऊन आली तेव्हा इतर कंपन्यांना आपली कार्डं लांबवावी लागली.

आणि आपल्याकडे? १९७५ हेच वर्ष फेअर अँड लव्हलीच्या जन्माचं. २०२० मध्ये नावातलं ‘फेअर’ गेलं आणि ‘ग्लो’ आलं. नाव बदललं तरी पंचेचाळीस वर्षांत तयार झालेली नजर एकदम बदलत नाही. मामी दुकानात “एक शेड उजळच दे” म्हणाली, ती तिची एकटीची चूक नाही.

मग शेड बघायची कशी? मनगटावर किंवा हाताच्या पाठीवर नाही, जबड्याच्या कडेला, जिथे चेहरा आणि मान दोन्ही दिसतात. आणि दिवसाच्या उजेडात. ट्यूबलाईटखाली जुळलेले दोन रंग उन्हात वेगळे दिसू शकतात, कारण प्रकाश बदलला की परावर्तन बदलतं. मोजमापाची परिस्थिती आणि वापराची परिस्थिती एक हवी, हे आपल्या प्रश्नावलीलाही लागू आहे. लावल्यावर थोडा वेळ थांबून पुन्हा बघा, काही फाउंडेशन हवा लागल्यावर गडद होतात.

सगळं एकदम लावू नका

नवशिक्यांसाठीच्या सल्ल्यांवर माझी सगळ्यात मोठी टीका ही आहे : ते दहा-बारा गोष्टी एकाच दिवशी चेहऱ्यावर चढवतात. समजा दुसऱ्या दिवशी पुरळ आलं. कशाने आलं? सांगता येणार नाही. एकाच वेळी सगळी चलं बदलली की कारण सापडत नाही, हे प्रायोगिक रचनेचं पहिलं पान.

म्हणून एका वेळी एकच वस्तू. आधी कोपराच्या आतल्या बाजूला रोज थोडी लावून सात ते दहा दिवस बघायचं. लाली, खाज नाही आली तर चेहऱ्यावर. पाकिटावर उत्पादकाचं नाव-पत्ता, बॅच क्रमांक आणि मुदत आहे का बघायचं. आपल्याकडे १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली हे सगळं येतं, आणि रंगासाठी शिसं किंवा आर्सेनिकची संयुगं घालायला बंदी आहे. यात्रेतल्या, विनालेबल काजळ-सुरम्यात मात्र काय आहे ते कोण सांगणार?

आजी हे सगळं ऐकत होती. ती आत गेली आणि जुनी फणेरपेटी घेऊन आली. आरसा, फणी, कुंकवाचा करंडा आणि मेणाची डबी. म्हणाली, “आधी मेण, मग कुंकू. नाहीतर दुपारपर्यंत ओघळतं.” मी हसले, कारण प्रायमरचं काम याहून सोप्या शब्दांत कोणी सांगितलं नव्हतं. रंग टिकायला आधी धरून ठेवणारा थर हवा. आजीची पेटी म्हणजे नवशिकीचा पूर्ण संच होता, चार वस्तूंचा, आणि प्रत्येक वस्तू कशासाठी आहे हे तिला सांगता येत होतं.

पण इथेही सावध राहायचं. जुनं म्हणजे तपासलेलं असं नाही. घरचं काजळ बाळाच्या डोळ्यात घालू नका, असं डॉक्टर सांगतात. टिकलीच्या गोंदातल्या एका रसायनामुळे कपाळावर कायमचा पांढरा डाग पडलेल्या बायका त्वचारोगतज्ज्ञांना चांगल्या माहीत आहेत. आजीच्या अनुभवाला मान द्यायचा आणि प्रश्नही विचारायचा. आपण पेपरला जो न्याय लावतो तोच.

माझी चूक

आता जे सांगते आहे ते लिहावं की नाही, यावर दोन दिवस घालवले. हे सगळं वाचून झाल्यावर मी बहिणीला ऐटीत सांगितलं, “स्लाईड बकवास आहे. काही लावू नकोस. जशी आहेस तशी जा.”

ती शांतपणे म्हणाली, “ताई, तुझी पीएचडीची मुलाखत होती तेव्हा तू काजळ लावलेलंस. लिपस्टिक पण. फोटो आहे माझ्याकडे.”

गप्प बसले. तिचं बरोबर होतं, आणि दोन अर्थांनी. पहिला अर्थ तर्काचा. ‘हा पुरावा अपुरा आहे’ यावरून ‘परिणाम नाहीच’ असं निघत नाही. प्रशिक्षकांनी पुराव्यापुढे एका दिशेने उडी मारली, मी दुसऱ्या दिशेने. उलट बाजूलाही पुरावा आहेच. जॅकलिन वाँग आणि अँड्र्यू पेनर यांनी २०१६ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या सर्वेक्षणाच्या आधारे दाखवलं की नीटनेटकं राहणं आणि उत्पन्न यांचा संबंध आहे आणि तो स्त्रियांच्या बाबतीत जास्त ठळक आहे. तिथेही ‘नीटनेटकेपणा’ म्हणजे एकटा मेकअप नव्हे, केस-कपडे सगळं आलं, तो ठरवला मुलाखत घेणाऱ्याने, आणि ज्यांच्याकडे पैसा आहे त्यांना नीटनेटकं राहणं सोपंही जातं. पण म्हणून त्याकडे डोळेझाक करता येत नाही.

दुसरा अर्थ जास्त बोचरा. माझ्याकडे फेलोशिप आहे, विद्यापीठाचं ओळखपत्र आहे. न सजता गेले तरी माझं फारसं बिघडत नाही. ती पहिल्यांदाच पुण्यात मुलाखतीला निघालेली. समोरचे लोक अन्यायाने गुण देतात हे मला कळलं, म्हणून त्याची किंमत तिने मोजायची का? अन्याय आहे हे दाखवणं संशोधकाचं काम. पण त्या अन्यायाशी उद्या सकाळी कसं वागायचं, हे ज्याचं त्याने ठरवायचं. त्यासाठी तिला खरी, पूर्ण माहिती देणं एवढंच माझ्या हातात होतं, आणि मी त्याऐवजी हुकूम दिला होता.

मग आम्ही पुन्हा बसलो. पेपर काय म्हणतो, काय म्हणत नाही, हे मी तिला मराठीत सांगितलं. आर्टिस्टच्या हाताची गोष्ट ऐकल्यावर ती एकदम म्हणाली, “म्हणजे माझा चेहरा नापास नव्हता. पेपरच दुसऱ्याचा होता.” माझ्या या सबंध पोस्टचं सार तिने एका वाक्यात सांगितलं.

तिने फाउंडेशन बाजूला ठेवलं. काजळ आणि ओठांना मरून रंग, एवढंच ठरवलं. आठवडाभर रोज सकाळी उजेडात लावून बघितलं.

निकाल? पहिल्या ठिकाणी निवड झाली नाही. मामी म्हणाली, “नीट मेकअप केला नाही म्हणून.” महिन्याने दुसऱ्या ठिकाणी निवड झाली. मामी म्हणाली, “साधी गेली म्हणून.” काजळ तेच, रंग तोच. एका माणसाच्या दोन अनुभवांतून कारण काढायला गेलं की असं होतं. म्हणून मीही काही सिद्ध झालं असं म्हणत नाही.

तुमच्यासाठी

‘संशोधनाने सिद्ध’ असं कुठेही दिसलं, स्लाईडवर, रीलमध्ये किंवा तुमच्याच सिनॉप्सिसमध्ये, तर हे प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा :

१. मूळ पेपर कोणता, आणि मी तो स्वतः वाचला का?
२. नक्की काय मोजलं? आपण ज्याबद्दल बोलतोय तेच का?
३. नमुना कोणाचा, आणि नमुने किती प्रकारचे आहेत?
४. प्रयोगात जी गोष्ट दिली, तीच गोष्ट माझ्या माणसाच्या हातात आहे का?
५. मोजायची पट्टी कोणासाठी बनली होती?
६. पैसा कोणाचा, आणि त्यामुळे कोणता प्रश्न विचारायचा राहिला?
७. माझी टीका पुराव्याच्या पुढे तर गेली नाही ना?

सातवा प्रश्न मी आंबवड्याहून परतल्यावर जोडला.

सराव म्हणून या आठवड्यात असं एक वाक्य पकडा आणि मूळ पेपरपर्यंत जाऊन या. वाटेत कुठल्या टप्प्यावर कोणती अट गळली ते एका पानावर लिहा. साहित्याचा आढावा लिहायची याहून चांगली तालीम मला तरी माहीत नाही. पुढच्या वेळी आढाव्याच्या त्या पानाचं प्रकरण कसं करायचं ते बघू.